तोंड बघायचा फोटो

माझ्या बायकोचा एकही धड फोटो घरात नाही. मी तीसेक वर्षं फोटो काढले. शिरूर कासारच्या आजूबाजूच्या दहा-बारा गावांत भिंतीवर जुना काळापांढरा चौकोनी फोटो दिसला तर तो बहुतेक मी काढलेला. आणि माझीच भिंत कोरी. ती गेल्याला वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाला पोरगा येणार, त्याला आईचा फोटो फ्रेम करून लावायचा आहे. मी चौथी शिकलेला माणूस. पण हे तोंडानं सांगायला गेलो की अर्धंच राहतं, म्हणून लिहितो.

तसं म्हटलं तर फोटो दोन आहेत. एक आधार कार्डावरचा. त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. दुसरा ती गेली त्या दिवशीचा. आंघोळ घालून भिंतीला टेकवून बसवली तेव्हा भावकीतल्या पुतण्यानं मोबाइलवर काढला. पोराला तो लावायचा आहे. आणि 'तसला फोटो माझा काढायचा नाही,' हे तिनं मला एकदा नाही, पन्नासदा बजावलं होतं.

आता कॅमेऱ्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझं सायकलचं दुकान होतं. ट्यूब-टायर आणायला बीडला जायचो. त्या टायरवाल्याच्या शेजारी एका मुसलमान म्हाताऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. चाचा म्हणायचो. त्याच्या कपाटात एक काळा उभा कॅमेरा ठेवलेला, एकावर एक दोन डोळ्यांचा. मी विचारलं, "चाचा, ह्याला दोन डोळे कावून?"

"मियाँ, फ्रान्स का माल है," चाचा म्हणाला. "ऊपर का देखता, नीचे का खाता."

चाचाला मोतीबिंदू झालेला, त्याला त्यात काही दिसायचं नाही. त्याचा जावई सायकल मागत होता. मी दुकानातली एक जुनी सायकल ठाकठीक करून दिली आणि कॅमेरा घरी आणला. घरात बायको म्हणाली, "सायकलीवर बसता तरी येत होतं. ह्याच्यावर काय बसता?"

कॅमेरा छातीशी धरायचा, वरचं टोपण उघडायचं आणि मान खाली घालून आत बघायचं. समोरच्याला वाटायचं हा आपल्या पाया पडायला निघालाय. आत चित्र लहान, पण लई लख्ख, आणि उलटं. डावीकडचा माणूस उजवीकडं. पहिला रोल संपवून बीडला नेला. चाचानं धुतला, ओला रोल उजेडाकडं धरला आणि हसून खाली बसला. "बारा के बारा भूत!"

सगळे फोटो धुरातून काढल्यासारखे. चूक अशी की ह्या कॅमेऱ्याचा वरचा डोळा निव्वळ बघायला आहे. भारी कॅमेऱ्यात दोन्ही डोळे बरोबर फिरतात, खाली पुसट असलं तर वर पण पुसट दिसतं. ह्यात वर कायम लख्खच दिसणार, खाली काहीही होवो. खालच्या डोळ्याभोवती आकडे होते. माणूस किती लांब उभा आहे ते आपण ओळखायचं, तो आकडा लावायचा. मला अंदाज जमेना. मग चाचानं कापडवाल्याचा टेप घेऊन एक सुतळी मापली, तिला गाठी मारून दिल्या. ह्या गाठीला हा आकडा, त्या गाठीला तो. एक टोक कॅमेऱ्यापाशी, दुसरं टोक समोरच्याच्या नाकापाशी.

ते दुसरं टोक धरायला बायको. सायकलच्या कॅरिअरवर बसून ती माझ्याबरोबर गावोगाव यायची. नवरदेवाच्या नाकाला सुतळी टेकवायची, लोक हसायचे, ही म्हणायची, "हसा, पण नाक हलवू नका." मी आकडा लावला की ती सुतळी सोडायची आणि दोन पावलं बाजूला सरकायची. मग मी खटका दाबायचो. असं हजारदा झालं असेल.

पण लग्नं थोडी. आमचं खरं काम निराळं होतं.

दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची गावं अर्धी होतात. धडधाकट जोडपी ऊसतोडीला कारखान्यांवर जातात, मागं म्हातारी माणसं राहतात. त्या पाच-सहा महिन्यांत म्हातारी मेली तर करायचं काय? तेव्हा फोन नव्हते. पोरगं कुठल्या कारखान्यावर, कुठल्या फडात, कोणाला ठाऊक. निरोप पोचून ते येईपर्यंत मढं थांबत नाही. मग मला बोलावणं यायचं. मढ्याला आंघोळ घालून, कपाळाला कुंकू नाहीतर बुक्का लावून बसवायचे आणि मी फोटो काढायचो. त्याला तोंड बघायचा फोटो म्हणत. ऊस संपला की पोरं परत यायची. गाडीतून उतरली की कोणीतरी तो फोटो हातात द्यायचं, आणि मग घरात रडणं सुरू व्हायचं. चार महिन्यांचं शिळं रडणं, पण खरं.

पहिल्यांदा बाईमाणसाचा फोटो काढायची वेळ आली तेव्हा मान राहीना. बसवलं की डोकं छातीवर. मी परका पुरुष, हात लावायचा नाही. घरच्या बायका भ्यायलेल्या. माझ्या बायकोनं सुतळी खाली ठेवली, म्हणाली, "सरा तिकडं." एक चादर मागितली, अंगावर घेतली आणि मढ्याच्या मागं जाऊन बसली. त्या म्हातारीची पाठ हिच्या गुडघ्यांवर, आणि दोन्ही हातांनी मागून जबडा धरलेला. वरून म्हातारीचा पदर सारखा केला. फोटोत मागं नुसती चादर. कोणाला कळलंसुद्धा नाही की तिथं जितं माणूस आहे.

तेव्हापासून ते तिचंच काम झालं. पुरुष असो की बाई, मान तीच धरायची. घरी आली की लिंबाचा पाला टाकून अंग धुवायची. गावातल्या बायका तिला हळदी-कुंकवाला बोलवीनाशा झाल्या. पाठीमागं 'मढी धरणारी' म्हणायच्या. एकीनं तोंडावर म्हटलं. ही तिला म्हणाली, "तुझ्याच सासूची धरली ना मी? वर गेलीस की तिला इचार, कुठं दुखलं का म्हणून." मला हसू आलं. घरी येऊन तिनं मात्र पाला टाकून परत एकदा अंग धुतलं. मी काम बंद कर म्हणालो नाही. बोलावणी येत होती आणि मला ते काम आवडत होतं, हे खरं सांगतो.

एकदा अशाच एका घरून परत येताना कॅरिअरवरून म्हणाली, "अहो, माझा असा काढू नका."

"कसा?"

"बसवून. मेलेलं तोंड कसं असतं ते तुमाला त्या भोकातनं दिसतं. मला हाताला कळतं. जबडा सुटतो. माझ्या पोराला तसलं तोंड दाखवू नका. काढायचा तर जित्तेपणी काढा, न्हाईतर राहू द्या."

"काढीन की. उद्या काढू."

उद्या नाही, पण एकदा काढला. हिरवं लुगडं नेसली, आमच्याच भिंतीपुढं उभी राहिली. सुतळीचं टोक स्वतःच्याच नाकाला लावलं. मी आकडा लावला. तिनं सुतळी सोडली, आणि सवयीनं दोन पावलं बाजूला. मी खटका दाबलेला. धुऊन आलं तर भिंत आणि पदराचं टोक. चाचानं विचारलं, "दीवार की शादी थी क्या?"

दुसऱ्यांदा मी ओरडून सांगून ठेवलं, हलू नको. ती म्हणाली हलत नाही. सुतळी सुटली तसे तिचे पाय आपोआप निघाले. तिलाच कळलं आणि ती मधेच थांबली. फोटोत तोंडाच्या जागी धुराचा लोट.

तिसऱ्यांदा ती खांबासारखी उभी राहिली. डोळासुद्धा हलवला नाही. चूक माझी झाली. त्या कॅमेऱ्यात रोल आपण हातानं पुढं फिरवायचा असतो. नाही फिरवला तरी खटका बसतो, कॅमेरा काही बोलत नाही. सकाळी मी शेजारच्या वाडीत एका म्हाताऱ्याचा तोंड बघायचा फोटो काढून आलो होतो, आणि फिरवायचं विसरलो होतो. त्याच जागेवर बायको आली. एकाच चौकोनात मढं आणि त्याच्यावर चढलेली ही, त्याच्या नाकातून हिचं कपाळ. त्या घरचा फोटो वाया गेला. त्यांची पोरं ऊस तोडून आल्यावर मला काय काय बोलली ते लिहीत नाही. बोलली ते बरोबर होतं.

बायकोनं तो फोटो बराच वेळ बघितला. म्हणाली, "हितं बी मढ्यापाशीच." आणि चुलीत घातला. त्यानंतर कधी उभी राहिली नाही. "माझं तोंड ह्याला पाहिजे न्हाई," म्हणायची. मी पण नेट लावला नाही. पुढं रंगीत फोटो आले, चाचा गेला, त्याच्या स्टुडिओत कपड्याचं दुकान झालं, तो रोल बीडला मिळेना. कॅमेरा पेटीत गेला. पोराच्या लग्नात फोटोवाला समोर आला की ही बाजूला सरकायची. सगळ्या अल्बमात कुठं हात, कुठं पाठ. मोबाइल आले तर तोंडावर पदर.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. दमा होता. सकाळी चहा ठेवला, अर्धा पिली, म्हणाली छाती भरून आली, आणि मी बाहेर गाडी बघायला गेलो तेवढ्यात संपली. पोरगा ट्रक चालवतो, तेव्हा माल घेऊन चेन्नईकडं गेलता. यायला दोन दिवस. उन्हाळा असा की दुपारपर्यंतसुद्धा ठेवणं अवघड. भावकीनं ठरवलं, थांबायचं नाही. आंघोळ घातली, भिंतीला टेकवून बसवली. मान डाव्या खांद्यावर पडली आणि तोंड उघडं राहिलं. कोणी तरी गालाखालून फडकं बांधलं, तेही सरकलं. पुतण्यानं मोबाइल काढला.

मी ओरडलो, "ए बे, ठेव तो मोबाइल!"

"काका, दादा तिकडं अडकलाय. त्यानं काय बघायचं मग?"

हेच तर मी तीस वर्षं गावोगाव सांगत होतो. पोरांनी काय बघायचं मग. मी तेव्हा उठून तिच्या मागं जाऊन बसायला पाहिजे होतं. मान कशी धरायची ते मला ठाऊक होतं, तिनंच दाखवलेलं. मी उठलो नाही. त्यानं फोटो काढला आणि पाठवला.

आता पोरगा फोनवर म्हणतो, "आबा, तोच लावू. शिरूरातला कॉम्प्युटरवाला नीट करून देतो म्हणतो." मी त्या कॉम्प्युटरवाल्याकडं गेलो. तो म्हणाला, "आबा, डोळे उघडून देतो, मान सरळ करतो, अंगावर पैठणी घालतो." मी म्हणालो, "ती जन्मात पैठणी नेसली न्हाई. कोणाची बाई करून देतोस बे मला?" आणि निघून आलो.

मग मला उमापूर आठवलं. उमापूरला तिची मावशी होती. आम्ही मावशीकडं गेलतो तेव्हा शेजारच्या घरी म्हातारी वारली, आणि कॅमेरा बरोबर असल्यामुळं आम्हाला बोलावलं. त्या फोटोत चूक राहिली होती. पदर सरकला आणि म्हातारीच्या कानापाशी बायकोची चार बोटं आली. घरच्यांच्या लक्षात आलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. म्हटलं, तेवढी चार बोटं तरी आणू. पोराला दाखवून म्हणू, ही बघ तुझी आई, जिती.

एसटीनं गेवराई, तिथून उमापूर. घर सापडलं. पक्कं झालेलं, दारात ट्रॅक्टर. तेव्हाची सून आता घरची म्हातारी. मी कोण ते सांगितलं. तिनं पाणी दिलं आणि भिंतीकडं हात केला. फोटो होता, हार घातलेला. मी जवळ जाऊन बोटं दाखवली.

"ही माझी बायको."

बाई हसली. "काय तरीच, भाऊ. ह्या माझ्या सासूबाई."

"तोंड तुमच्या सासूबाईचं. बोटं माझ्या बायकोची. मागं चादरीत ती बसलेली."

बाईनं चष्मा लावला. "आमी म्हणायचो सासूबाईचीच बोटं."

"मेलेल्या बाईचा हात कानापाशी कसा जाईल?"

"कसा जाईल ते कोण बघतंय? आज इतकी वर्षं हार घालतो, कोणी इचारलं न्हाई."

तिचा पोरगा, चाळिशीचा, गावचा पुढारी दिसत होता, पांढऱ्या कपड्यातला, तो आतून आला. सगळं ऐकून म्हणाला, "म्हंजे आई, दर साली आपण ह्या बाबांच्या मंडळीला बी निवद दावतोय."

"गप रे मेल्या," बाई त्याच्यावर ओरडली, आणि मग चष्म्यातून परत फोटोकडं बघितलं. "थांबा, थांबा. मी पोटुशी होते. उंबऱ्यात बसले होते. आणि सासूबाईच्या अंगातून आवाज आला, 'त्या पोटुशीला आत न्या, हिकडं बघू देऊ नका.' माझी बोबडी वळली. मला वाटलं, मेल्यावर बी सासूबाई हुकूम सोडत्यात."

"ती माझी बायको."

"आज कळतंय मला. अन् पोटात हा होता," असं म्हणून तिनं पुढाऱ्याकडं बोट केलं.

मी विचारलं, "चादर काढल्यावर तिला बघितलं का तुमी? तोंड आठवतं का?"

"बघितलं की. घामानं भिजलेली. हनुवटीवर गोंदण होतं."

"हनुवटीवर नव्हतं. कपाळावर होतं."

"असंल," बाई म्हणाली. "लई दिवस झाले."

तिनं फोटो खाली उतरवला, काच पदरानं पुसली. पुढाऱ्यानं मोबाइलवर बोटांचा फोटो काढला आणि माझ्या पोराला पाठवला. चहा घेऊन मी निघालो. एसटीत बसल्यावर वाटलं, बरं झालं. शिरूरला उतरेपर्यंत वाटत होतं.

इथवर आधी लिहिलं होतं, पुढचं वर्षश्राद्ध झाल्यावर लिहितोय. पोरगा वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळी आला. बॅग ठेवली आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. त्यात ती चार बोटं, मोठी करून.

"आबा, ही बोटं फ्रेम करायची?"

"तुझ्या आईची हायत."

"लोक येऊन इचारतील, ही कोणाची बोटं. मी काय सांगू, आईची? बाकीची आई कुठंय म्हणतील." तो हसायला लागला, मी पण हसलो, आणि हसता हसता तो रडायला लागला. चाळीस वर्षांचा बाप्या, तोंडावर हात घेऊन. मी त्याला तसा लहानपणानंतर बघितला नव्हता.

मग म्हणाला, "मला तोंड पाहिजे, आबा. बोटं नको. मी पोचलो तेव्हा राख होती. तुमी सगळ्या ऊसतोड्यांच्या पोरांना तोंड बघायला दिलं. बाहेरच्या पोरांना. मला का न्हाई म्हणता?"

"तिनं सांगितलं होतं, म्हणून."

"तिनं तुमाला सांगितलं होतं. मला न्हाई सांगितलं."

त्याचं चुकत नव्हतं, तिचंही चुकलं नव्हतं. चुकलं ते माझं, तिसऱ्यांदा रोल न फिरवण्यात आणि चौथ्यांदा उभी राहा न म्हणण्यात. मी त्याला विचारलं, तो फोटो रोज बघतोस का. म्हणाला, गाडी कुठं लावली, जेवायला बसलो, की बघतो. मी म्हणालो, दाखव. वर्षभरात मी तो बघितला नव्हता. हातात घेतला, मोबाइल लांब धरला. मान पडलेली, फडकं सरकलेलं, तोंड उघडं. वाईट फोटो. मी काढला असता तर इतका वाईट काढला नसता. ते तोंड तिचं होतं का, मला सांगता येत नाही. पोराला मात्र ते तिचं वाटतं.

"काढून टाकू का?" त्यानं विचारलं. अंगठा मोबाइलवर ठेवून माझ्याकडं बघत होता. मी हो म्हणालो असतो तर त्यानं खरंच काढला असता.

"ठेव," मी म्हणालो. "भिंतीला लावू नको. कोणाला दाखवू नको. तू बघ."

दुसऱ्या दिवशी भटजीनं विचारलं, फोटो कुठंय. पोरगा म्हणाला, फोटो नाही. भटजी म्हणाला चालतंय, पाटावर नुसती सुपारी मांडा. जेवणावळी झाल्या. कोणी बायका कुजबुजल्या असतील, फोटोवाल्याच्या घरात फोटो नाही म्हणून. कुजबुजू द्या.

पोराला ते तोंड ठेवू दिलं, तिला दिलेला शब्द मी मोडला. मेल्यावर माणसं एकमेकांना भेटतात का, मला ठाऊक नाही. भेटलोच तर ती शिव्या घालील, आणि मी ऐकून घेईन.